वाईन स्वस्त केली, बिअर महाग करायला गेले आणि सरकार पडलं : ब्रिटनच्या ग्लॅडस्टन यांची गोष्ट

तारीख ८ जून १८८५. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून गेलीये, तरी हाउस ऑफ कॉमन्स खच्चून भरलंय. बजेटवर मतदान सुरू आहे.

७५ वर्षांचे पंतप्रधान आपल्या जागेवर बसून मांडीवरच्या कागदावर राणी व्हिक्टोरियाला दिवसभराचा अहवाल लिहीत आहेत. तेवढ्यात निकाल येतो. सरकारच्या विरोधात २६४ मतं, बाजूने २५२. विरोधी बाकांवर एकच जल्लोष होतो. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेल्या विन्स्टन चर्चिल यांचे वडील, थेट बाकावर चढून रुमाल उडवायला लागतात.

दुसऱ्या दिवशी पंतप्रधान राजीनामा देतात.

आता एवढं मोठं सरकार कशावरून पडलं? तर बिअरवरून. विरोधकांचं म्हणणं असं होतं की, सरकार बिअरवर आणि दारूवर कर वाढवतंय, पण वाईनला हातही लावत नाहीये. गरिबाच्या ग्लासाला एक न्याय आणि श्रीमंताच्या ग्लासाला दुसरा, हे कसं चालेल?

यातली खरी गंमत पुढे आहे. ब्रिटनमध्ये वाईन स्वस्त करून ती मध्यमवर्गीय घरात पोहोचवणारा माणूस याच पंतप्रधानांच्या खुर्चीत बसला होता. नाव विल्यम इवर्ट ग्लॅडस्टन.

आपण काय पितो, वाईन की बिअर, हे आपल्याला आपल्या जिभेने ठरवल्यासारखं वाटतं. पण या माणसाचं आयुष्य बघितलं की कळतं, त्यात जिभेइतकाच हात कराचा असतो, दुकानाचा असतो आणि आपण कोणत्या घरात जन्मलो याचाही असतो.

साखरेच्या पैशावर वाढलेला मुलगा

ग्लॅडस्टन यांचा जन्म २९ डिसेंबर १८०९ चा, लिव्हरपूलचा. वडील जॉन ग्लॅडस्टन मूळचे स्कॉटलंडचे. आधी धान्याचा व्यापार केला, मग वेस्ट इंडीजकडच्या उसाच्या मळ्यांत पैसा घातला आणि गडगंज झाले. हे मळे गुलामांच्या कष्टावर चालायचे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली, पण ती गुलामांना नाही, मालकांना. जॉन ग्लॅडस्टन यांच्याकडे २,५०८ गुलाम होते आणि त्यांच्याबद्दल त्यांना एक लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली.

याचा भारताशीही थेट संबंध आहे. गुलाम गेल्यावर मळ्यात राबायला माणसं हवी होती. जॉन ग्लॅडस्टन यांनी ती भारतातून मागवली. १८३८ मध्ये कलकत्त्याहून निघालेली दोन जहाजं आजच्या गयानात पोहोचली. गिरमिटिया मजुरांचे तिथे पोहोचलेले हे पहिले जथे.

विल्यम यांचं शिक्षण ईटनला आणि मग ऑक्सफर्डला झालं. तिथे अभिजात भाषा आणि गणित अशा दोन्ही विषयांत त्यांनी पहिला वर्ग मिळवला. १८३२ मध्ये, वयाची २३ वर्षं पूर्ण व्हायच्या सुमारास, ते खासदार झाले. पक्ष होता कट्टर जुन्या विचारांचा टोरी पक्ष. संसदेतल्या सुरुवातीच्या भाषणांत ते वडिलांची आणि मळेवाल्यांची बाजू घेऊन बोलले होते.

पुढे हाच माणूस लिबरल पक्षाचा सर्वात मोठा नेता झाला. चार वेळा पंतप्रधान आणि चार वेळा अर्थमंत्री. स्वभाव अत्यंत धार्मिक, शिस्त कडक. कामाचा कंटाळा आला की कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायला जायचे. रात्री लंडनच्या रस्त्यांवर फिरून वेश्यांना त्या धंद्यातून बाहेर पडायला मदत करायचे. लोकांनी यावरून वाट्टेल त्या वावड्या उठवल्या, तरी ते थांबले नाहीत.

आणि दारू? ते दारूबंदीवाले नव्हते. जेवणासोबत वाईन घ्यायचे. बजेटचं लांबलचक भाषण करताना घसा टिकावा म्हणून शेरी या स्पॅनिश वाईनमध्ये अंडं फेटून जवळ ठेवायचे. १८५३ चं त्यांचं बजेट भाषण जवळपास पाच तास चाललं होतं, त्यामुळे एवढी तयारी लागणारच.

इंग्रज माणूस पोर्ट का प्यायचा?

ग्लॅडस्टन यांनी नेमकं काय केलं हे समजून घ्यायचं असेल, तर थोडं मागे जावं लागेल.

मध्ययुगात इंग्लंडचे श्रीमंत फ्रान्सच्या बोर्डो भागातली लाल वाईन प्यायचे. तिला ते क्लॅरेट म्हणायचे. बोर्डोचा तो सगळा भाग तेव्हा कैक वर्षं इंग्लंडच्या राजाच्याच ताब्यात होता, त्यामुळे माल मुबलक यायचा.

पुढे फ्रान्सशी युद्धांवर युद्धं झाली. शत्रूचा माल म्हणून फ्रेंच वाईनवर जबर कर बसले. मग आला १७०३ चा मेथ्युएन करार. हा करार पोर्तुगालशी होता. पोर्तुगालने इंग्लंडचं लोकरी कापड घ्यायचं आणि बदल्यात इंग्लंडने पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी कर लावायचा, असं ठरलं.

झालं. शंभर-दीडशे वर्षांत इंग्रज माणसाची चव बदलली. पोर्तुगालहून येणारी पोर्ट ही ब्रँडी घालून कडक केलेली, गोड आणि जड वाईन असते. लोकांना वाटायला लागलं की आपल्या थंड हवेला असलीच वाईन मानवते, फ्रेंच वाईन म्हणजे पांचट आणि आंबट. मुळात ती आवड हवेने नाही, कराने लावली होती.

आणि ही पोर्टसुद्धा प्यायचं कोण? जमीनदार, वकील, पाद्री, ऑक्सफर्डचे प्राध्यापक. सामान्य माणूस बिअर प्यायचा. बिअर हे इंग्रजाचं राष्ट्रीय पेय होतं, जवळजवळ अन्नच. कापणीच्या हंगामात शेतमजुराला मजुरीचा काही भाग बिअरमध्ये मिळायचा.

बिअरला मान इतका की, १७५१ मध्ये विल्यम होगार्थ या चित्रकाराने दोन चित्रं काढली. एकात जिन पिऊन उद्ध्वस्त झालेली गल्ली होती, तर दुसऱ्यात बिअर पिऊन सुखात असलेली धष्टपुष्ट माणसं. १८३० मध्ये तर सरकारने कायदाच केला की, दोन गिनी भरून परवाना घ्या आणि बिअरचं दुकान उघडा. लोकांनी जिन सोडून बिअर प्यावी हा हेतू. दुकानं हजारोंनी उघडली, पण लोकांची जिन काही सुटली नाही.

म्हणजे माणसाला कडक दारूकडून सौम्य दारूकडे वळवायचा प्रयोग ग्लॅडस्टन यांच्या आधीही झाला होता. त्यांनी बिअरच्या जागी वाईन आणली.

१८६० चं बजेट

१८५९ मध्ये ग्लॅडस्टन दुसऱ्यांदा अर्थमंत्री झाले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये फ्रान्सच्या हल्ल्याची भीती पसरली होती. तिसरा नेपोलियन कधीही चाल करून येईल असं लोकांना वाटत होतं. यावर ग्लॅडस्टन आणि त्यांचे मित्र रिचर्ड कॉब्डेन यांचा उपाय होता व्यापार. दोन देशांचा माल एकमेकांच्या घरात गेला की युद्ध महाग पडतं, असं त्यांचं गणित.

कॉब्डेन पॅरिसला गेले आणि मिशेल शेव्हालिए या फ्रेंच अर्थतज्ज्ञाबरोबर बसून त्यांनी कराराचा मसुदा ठरवला. २३ जानेवारी १८६० ला करारावर सह्या झाल्या. फ्रान्सने ब्रिटनचा कोळसा, लोखंड, यंत्रं आणि कापड यांना दारं उघडायची आणि ब्रिटनने फ्रेंच वाईन, ब्रँडी आणि इतर मालावरचा कर कमी करायचा.

काहीच दिवसांत, १० फेब्रुवारीला, ग्लॅडस्टन यांनी बजेट मांडलं. तब्येत बरी नव्हती, तरी चार तास बोलले. सीमाशुल्क लागणाऱ्या वस्तूंची यादी ४१९ वरून ४८ वर आणली. आणि वाईनवरचा कर गॅलनमागे साडेपाच शिलिंगांहून जास्त होता, तो एका फटक्यात ३ शिलिंगांवर आला.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. वाईन ही श्रीमंतांची चैन आहे असं तुम्ही म्हणता, पण तिला चैन केलं कोणी? कराने. चहासुद्धा कधीकाळी श्रीमंतांपुरताच होता, स्वस्त झाला तसा घरोघरी गेला. लोकांची चव दगडावरची रेघ नसते. ती एकदा कराने बदलली, तर ती पुन्हाही बदलू शकते.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आणखी एक हुशारी केली. कर वाईनच्या कडकपणावर बांधला. साधारण १५ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असलेल्या वाईनला गॅलनमागे फक्त १ शिलिंग, त्यापेक्षा कडक वाईनला अडीच शिलिंग. यात फ्रेंच क्लॅरेट खालच्या गटात बसली, तर ब्रँडी घातलेली पोर्ट आणि शेरी वरच्या. स्पेन आणि पोर्तुगालने बरीच आदळआपट केली, पण नियम राहिला.

या सगळ्यात बुडालेलं उत्पन्न भरून कसं काढायचं? त्यांनी इन्कम टॅक्स वाढवला. पौंडाला ९ पेन्स होता तो १० पेन्स झाला. खरं तर १८५३ मध्ये ग्लॅडस्टन यांनीच १८६० पर्यंत इन्कम टॅक्स संपवायची योजना मांडली होती. मधे क्रिमियाचं युद्ध झालं आणि ते गणित फिसकटलं.

वाण्याच्या दुकानात वाईनची बाटली

नुसती किंमत कमी करून भागणार नाही हे ग्लॅडस्टन यांना ठाऊक होतं. माणूस वाईन घ्यायला जाणार कुठे?

तोवर वाईन विकत घ्यायची म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याकडे जायचं आणि पिंप किंवा डझनाच्या हिशोबात घ्यायचं. एवढे पैसे एकदम मोजणं आणि घरात तळघर असणं हे सगळ्यांना परवडत नव्हतं. दुसरी जागा म्हणजे पब. पण पबमध्ये सभ्य घरातली बाई जायची नाही आणि कारकून मंडळीही जपूनच जायची.

म्हणून १८६० मध्येच आणखी एक कायदा आला. खाणावळींना जेवणासोबत वाईन विकायची परवानगी मिळाली आणि साध्या दुकानदाराला परवाना काढून घरी न्यायला बाटलीबंद वाईन विकता येऊ लागली. म्हणजे चहा, साखर, मेणबत्त्या घेता घेता वाण्याकडून वाईनची एक बाटलीही घेता येऊ लागली.

याचा सर्वात मोठा फायदा उचलला गिल्बी नावाच्या भावांनी. ते १८५७ पासून दक्षिण आफ्रिकेतली केपची वाईन विकत होते, कारण वसाहतीतला माल म्हणून तिला कर कमी होता. ग्लॅडस्टन यांच्या बजेटने ती सवलत गेली आणि त्यांचा धंदा बसायची वेळ आली. पण त्यांनी लगेच पवित्रा बदलला. फ्रेंच वाईनकडे वळले आणि देशभरातल्या किराणा दुकानदारांना आपले एजंट करून टाकलं. काही वर्षांत डब्ल्यू अँड ए गिल्बी ही ब्रिटनमधली वाईन विकणारी सर्वात मोठी कंपन्यांपैकी एक झाली.

शिलिंगभर किमतीच्या आसपास मिळणाऱ्या या स्वस्त लाल वाईनला लोकांनी नाव ठेवलं ग्लॅडस्टन क्लॅरेट. पोर्ट पिणारे खानदानी लोक हे नाव नाक मुरडत घ्यायचे.

विरोधही झाला आणि तो दोन टोकांकडून. पबवाल्यांना आपलं गिऱ्हाईक जाईल अशी भीती होती, तर दारूबंदीवाल्यांना दारूच्या जागा वाढतील अशी. पुढे आणखी एक तक्रार जोरात सुरू झाली. घरातल्या बायका वाण्याकडून गुपचूप बाटली मागवतात आणि बिलात ती किराणा सामानात खपून जाते, नवऱ्याला पत्ताही लागत नाही, अशी ती तक्रार. त्या काळच्या पुरुषांना बाईच्या हातातल्या ग्लासाची वाटणारी धास्ती यातून नीट दिसते.

वाईन वाढली, पण बिअर हरली नाही

आता महत्त्वाचा प्रश्न. हा प्रयोग यशस्वी झाला का?

आकडे बघितले तर हो. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ब्रिटनमधला वाईनचा खप दुपटीहून जास्त झाला. फ्रेंच वाईनची वाढ तर कैक पटींची होती. डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार, कारकून यांच्या जेवणाच्या टेबलावर क्लॅरेट दिसायला लागली. पाहुण्यांसमोर वाईन ठेवणं हे आपण वर चढलो याची खूण झाली. गंमत म्हणजे कर जास्त असूनही शेरीची लाट त्याहून मोठी निघाली. लोकांना वाईन हवी होती, पण जीभ अजून गोड आणि कडकच मागत होती.

पण दुसरी बाजू बघा. १८७० च्या दशकाच्या मध्याला वाईनचा खप सर्वोच्च होता, तेव्हा तो माणशी वर्षाला जेमतेम अर्धा गॅलन भरत होता. आणि त्याच वर्षांत बिअरचा खपही सर्वोच्च झाला. माणशी ३० गॅलनहून जास्त! म्हणजे वाईन आली म्हणून बिअर कमी झाली नाही. पगार वाढले होते, त्यामुळे दोन्ही वाढल्या, ज्याच्या त्याच्या वर्गात.

कामगार वाईनकडे का वळला नाही? याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण पैसा. शिलिंगाची बाटली मध्यमवर्गाला स्वस्त वाटली, पण शेतमजुराची आठवड्याची कमाईच दहा-पंधरा शिलिंग होती. बिअरचा ग्लास दोन-चार पेन्समध्ये मिळायचा आणि एका शिलिंगात १२ पेन्स.

दुसरं कारण जागा. कामगाराचं घर म्हणजे एखाद-दोन खोल्या, त्यात पाच-सहा माणसं. पबमध्ये शेकोटी, उजेड आणि गप्पा मिळायच्या. कामाची खबर तिथेच लागायची आणि युनियनच्या बैठकाही तिथेच व्हायच्या. तो बिअर विकत घ्यायचा तेव्हा खरं तर त्या उबदार खोलीतली दोन तासांची जागा विकत घ्यायचा. वाण्याकडची बाटली त्याला ही जागा देऊ शकत नव्हती.

तिसरं कारण विश्वास. बिअर पोट भरते, अंगात ताकद देते, आजारी पाडत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने शेकडो माणसं गेली. तिथल्या ब्रुअरीतल्या कामगारांना मालकाकडून बिअर मिळायची. ते पंपाचं दूषित पाणी फारसं पीत नसल्याने वाचले. अशा गोष्टी लोक विसरत नाहीत.

थोडक्यात, ज्या वर्गाकडे जेवणाचं टेबल होतं तिथे वाईन पोहोचली. ज्यांच्याकडे ते नव्हतं, तिथे बिअरच राहिली.

बिअरवाल्यांशी पंगा

१८६८ मध्ये ग्लॅडस्टन पहिल्यांदा पंतप्रधान झाले. पबांच्या वाढत्या संख्येबद्दल ओरड होत होती. १८७२ मध्ये त्यांच्या सरकारने परवान्यांचा कायदा केला आणि पब बंद करायच्या वेळा ठरवून दिल्या. दारूबंदीवाल्यांना तो कायदा मिळमिळीत वाटला आणि पबवाल्यांना जाचक. कामगारांचं म्हणणं वेगळंच होतं. साहेब लोक आपल्या क्लबात रात्रभर पितात, मग आमचाच पब का बंद करता?

१८७४ च्या निवडणुकीत ब्रुअरीवाले आणि पबवाले उघडपणे हुजूर पक्षाच्या मागे उभे राहिले. ग्लॅडस्टन हरले. आपल्याला जिन आणि बिअरच्या पुराने वाहून नेलं, अशा आशयाचं पत्र त्यांनी भावाला लिहिलं. पराभवाला इतरही कारणं होती, शिक्षणाच्या कायद्यावरून त्यांचेच समर्थक नाराज होते. पण त्यांच्या मनात बिअरच राहिली.

याचा अर्थ ते बिअरचे शत्रू होते असा नाही. १८८० मध्ये पुन्हा सत्तेत आल्यावर त्यांनी मॉल्टवरचा कर रद्द केला. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, बिअरचा कच्चा माल. हा कर जावा अशी शेतकऱ्यांची कैक वर्षांची मागणी होती. शेतकऱ्यांचा पक्ष म्हणवणाऱ्या हुजूर पक्षाला ते जमलं नव्हतं, ग्लॅडस्टन यांनी करून दाखवलं. कर आता तयार बिअरवर लागणार होता, त्यामुळे ती कशापासून बनवायची याचं स्वातंत्र्य ब्रुअरीवाल्यांना मिळालं.

पण यात एक गोष्ट झाली. बिअरवर आता सरळ दिसणारा कर होता. वाढवायला सोपा आणि राग यायलाही सोपा.

आणि मग ती रात्र

१८८५ उजाडलं ते वाईट बातमी घेऊन. सुदानमधल्या खार्टूमला वेढ्यात अडकलेले जनरल गॉर्डन मारले गेले. मदत वेळेत पोहोचली नाही म्हणून देशभर ग्लॅडस्टन यांना शिव्या पडल्या. त्यातच अफगाणिस्तानच्या सीमेवर पंजदेह इथे रशियन सैन्याने अफगाणांना हरवलं. आता रशिया हिंदुस्थानच्या दारात येणार म्हणून युद्धाची तयारी सुरू झाली आणि सुदानच्या खर्चासह या सगळ्यासाठी १ कोटी १० लाख पौंडांची तरतूद करावी लागली.

पैसे आणायचे कुठून? अर्थमंत्री ह्यू चाइल्डर्स यांनी इन्कम टॅक्स वाढवला. सोबत बिअर आणि कडक दारूवरचा करही वाढवायचं ठरवलं. वाईन मात्र तशीच ठेवली.

विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. हुजूर पक्षाचे सर मायकेल हिक्स बीच यांनी दुरुस्ती मांडली की, वाईनवर कर न वाढवता बिअर आणि दारूवर वाढवणं अन्यायाचं आहे. आयर्लंडचे खासदार व्हिस्कीवरच्या करामुळे आणि मुळातच सरकारवर चिडलेले होते, ते विरोधकांना मिळाले. लिबरल पक्षाचे कितीतरी खासदार मतदानाला आलेच नाहीत. सरकार १२ मतांनी पडलं.

खार्टूम आणि आयर्लंड यांनी सरकार आधीच पोखरलं होतं, हे खरं. पण शेवटचा धक्का द्यायला विरोधकांनी बिअर आणि वाईन निवडली, कारण ते सगळ्यांना कळत होतं. २५ वर्षांपूर्वी ग्लॅडस्टन यांनी सांगितलं होतं की वाईन सगळ्यांची होऊ शकते. ती सगळ्यांची झाली नाही. आणि ती साहेबांचीच राहिली, म्हणूनच हा आरोप त्यांना चिकटला.

पुढे काय झालं?

ग्लॅडस्टन संपले नाहीत. १८८६ मध्ये ते तिसऱ्यांदा आणि १८९२ मध्ये, ८२ व्या वर्षी, चौथ्यांदा पंतप्रधान झाले. त्याच १८९२ च्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या तिकिटावर मुंबईचे दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून आले. लोक ग्लॅडस्टन यांना ग्रँड ओल्ड मॅन म्हणायचे. आपल्याकडे दादाभाईंनाही तीच पदवी मिळाली. लॉर्ड रिपन यांना व्हाइसरॉय म्हणून भारतात पाठवणारेही ग्लॅडस्टनच. १९ मे १८९८ ला ते गेले.

त्यांच्या वाईनचं काय झालं? तोवर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना फायलॉक्सेरा नावाच्या किडीने पोखरून टाकलं होतं. माल घटला, बनावट वाईन वाढली, लोकांचा विश्वास उडाला. ब्रिटनमधला वाईनचा खप उतरला आणि मध्यमवर्गाच्या ग्लासात ब्रँडीच्या जागी स्कॉच व्हिस्की आली. कराने आणलेली आवड एका किडीने मागे ढकलली.

पण वाद संपला नाही. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेलं आणि तक्रार झाली की, ब्रिटन आपली बिअर वाचवायला वाईनवर जास्त कर लावतंय. १९८३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही तक्रार मान्य केली. १९८४ च्या बजेटमध्ये वाईनचा कर कमी झाला आणि बिअरचा वाढला. ९९ वर्षांपूर्वी जो आरोप होता, त्याच्या बरोबर उलटा. तोवर सुपरमार्केट आले होते, फ्रिज आले होते, बायका कमावत्या झाल्या होत्या आणि लोक घरी जेवताना पीत होते. या वेळी वाईन खरंच सगळ्या थरांत पसरली.

हे सगळं वाचताना महाराष्ट्राची आठवण येणं साहजिक आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणून वाईनला करात मोठी सवलत दिली आणि नाशिकचा वाईन उद्योग उभा राहिला. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला आणि रान पेटलं. सरकार शेतकऱ्याचं हित सांगत होतं, तर विरोधक आणि अण्णा हजारे दारू घराघरांत जाईल म्हणत होते. वाईन म्हणजे दारू आहे का, यावर चर्चा झडल्या. १८६० मध्ये लंडनमधल्या वाण्याच्या दुकानावरून झालेलं भांडण यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

ग्लॅडस्टन यांचं एक म्हणणं काळाने खरं ठरवलं. चव बदलते आणि सरकार ती बदलू शकतं. पण ती कोणाची बदलते, हे त्यांना पूर्ण उमगलं नाही. कर कमी केला की बाटली स्वस्त होते. ती बाटली उघडायला घरात टेबल आहे का, निवांत संध्याकाळ आहे का आणि खिशात शिलिंग उरलाय का, हे बजेटमध्ये लिहिलेलं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी वाईन पिणाऱ्याला क्लासी आणि बिअर पिणाऱ्याला साधा म्हणालं, तर त्याला १८८५ ची ती रात्र सांगा. याच फरकावरून ब्रिटनमध्ये एक सरकार पडलं होतं.